मन सावरले, कंबर मोजायची राहिली

आमच्या मधुमेहाच्या ओपीडीत सोमवारी गर्दी जास्त असते. अशाच एका सोमवारी पन्नाशीतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा सत्तावीस वर्षांचा. गेले पंधरा दिवस त्याला सारखी तहान लागत होती, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते. घराजवळच्या दवाखान्यात साखर तपासली, ती ३८० निघाली. घरात कुणालाच मधुमेह नाही, मग एवढ्या लहान वयात शुगर कशी, हा आईचा प्रश्न. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का, असे मी विचारले तेव्हा ती थोडी घुटमळली. मग पिशवीच्या तळातून तिने एक वेगळी फाइल काढली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर, या त्याच्या डोक्याच्या गोळ्या. त्यांचा शुगरशी काय संबंध, म्हणून दाखवल्या नव्हत्या."

फाइलमध्ये साडेचार वर्षांचे केसपेपर होते. निदान स्किझोफ्रेनिया, औषध ओलांझापिन. आजार सुरू झाला तेव्हा त्याला आवाज ऐकू येत होते. जेवणात कुणीतरी विष घालते आहे, असे वाटून त्याने खाणे सोडले होते. गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत आवाज थांबले. आता तो मामाच्या दुकानात दिवसभर मदत करतो. मानसोपचाराच्या दृष्टीने हे यशच होते. पण साडेचार वर्षांतल्या एकाही कागदावर त्याचे वजन लिहिलेले नव्हते. आजारपणापूर्वी ते ५८ किलो होते, असे आईला आठवत होते. आमच्या काट्यावर ते ८६ भरले. "जेवायला लागला, अंग धरलं, याचंच आम्हाला कौतुक होतं हो," ती म्हणाली. "आधी नुसता हाडांचा सापळा झाला होता."

ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील मी इथे एकत्र केले आहेत आणि बदलले आहेत. पण अशी फाइल पिशवीच्या तळातून निघण्याचा प्रसंग मला नवा नाही. दोष इतरांवर टाकण्याआधी स्वतःचा सांगतो. नोकरीच्या पहिल्या अनेक वर्षांत तरुण मधुमेहींना मी घराण्याचा इतिहास विचारत असे, खाणेपिणे विचारत असे, पण "मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का?" हा प्रश्न माझ्या तोंडी नव्हता. रुग्ण आपणहून सांगत नव्हता आणि मी विचारत नव्हतो.

वजनाची चर्चा, पण कुणाच्या?

सध्या मुंबईत वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये विगोव्ही भारतात आली. यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त इंजेक्शनांची चर्चा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्येही चालते. पण याच उपनगरांत असेही लोक आहेत, ज्यांचे वजन औषधामुळे वाढले आहे आणि ज्यांना आजवर कुणी काट्यावर उभेसुद्धा केलेले नाही. मनोविकाराच्या औषधांचा आणि वजन-साखरेचा संबंध ही नवी बातमी नाही. तो वीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. माहीत असूनही तो मोजला का जात नाही, हा आजचा प्रश्न आहे.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा गंभीर मनोविकारांत ज्या औषधांचा मुख्य आधार असतो, त्यांना अँटिसायकोटिक म्हणतात. त्यांची सुरुवात १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात क्लोरप्रोमझिनपासून झाली. ज्यांचे आयुष्य मनोरुग्णालयाच्या भिंतींआड गेले असते, असे लोक घरी परतू लागले. मात्र त्या पिढीच्या औषधांनी, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांनी, हातपाय ताठ होत, कंप सुटे, चेहरा मुखवट्यासारखा होई. १९९० च्या दशकात क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलांझापिन ही पुढची पिढी आली आणि कंप, ताठरपणा बराच कमी झाला. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. त्याची किंमत शरीरात दुसरीकडे मोजली जात होती, हे नंतर कळले.

ही औषधे मेंदूतील डोपामिनचा मार्ग अडवतात, त्याने भ्रम आणि भास कमी होतात. पण काही औषधे हिस्टामिन आणि सेरोटोनिन यांच्या भूक आणि तृप्तीशी संबंधित ठिकाणांवरही जाऊन बसतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. जेवून तासाभराने पुन्हा भूक लागते आणि ती खरी भूक असते. गुंगीमुळे हालचाल कमी होते. तोंड कोरडे पडते, मग थंड पेयाची बाटली जवळ येते. शिवाय ओलांझापिन आणि क्लोझापिन इन्शुलिनच्या कामातही थेट अडथळा आणतात, त्यामुळे वजन फारसे वाढलेले नसतानाही साखर चढू शकते.

सगळी औषधे सारखी नसतात. वजन आणि साखरेच्या बाबतीत ओलांझापिन आणि क्लोझापिन सर्वांत जड. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधल्या पायरीवर. ॲरिपिप्राझोल, ल्युरासिडोन, झिप्रासिडोन तुलनेने हलकी. बायपोलर आजारात दिले जाणारे व्हॅल्प्रोएटही वजन वाढवते, आणि दोन जड औषधे एकत्र चालू असली तर परिणाम वाढतो. पण हलके ते चांगले आणि जड ते वाईट, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिनइतके गुणकारी दुसरे औषध आजही नाही, आणि ते आत्महत्येचा धोकाही कमी करते.

२००४ साली काय कळले होते

मराठी घरांत स्किझोफ्रेनिया हा शब्द 'देवराई' या चित्रपटाने नेला, तो २००४ साली. त्याच वर्षी अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचार या क्षेत्रांतल्या संघटनांनी एकत्र येऊन या औषधांबरोबर काय मोजायचे याचे वेळापत्रक जाहीर केले. औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल. मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन. बाराव्या आठवड्याला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पुन्हा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी वजन, दर वर्षी साखर, रक्तदाब आणि कंबर. वजन मूळच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढले तर औषध बदलण्याचा विचार करायचा. साठ किलोच्या माणसाला हे अवघे तीन किलो होतात. म्हणजे इशारा पहिल्या तीन महिन्यांतच मिळतो. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत तो २८ किलोंनंतर मिळाला.

आणि त्याच २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा आकडा, २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. आपण काट्यावर सडपातळ दिसतो, पण आत, पोटाभोवती चरबी घेऊन वावरतो, हे त्यांनी एका फोटोत दाखवून दिले. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कंबरेची मर्यादाही पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. अशा शरीरात भूक वाढवणारे आणि इन्शुलिनला अडवणारे औषध वर्षानुवर्षे गेले, तर काय होईल याचा अंदाज करणे अवघड नाही.

त्यात भर या शहराची. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या सुमारे ३४ टक्के लोकांचा रक्तदाब आणि सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. ही सर्वसाधारण मुंबईकरांची स्थिती. गंभीर मनोविकार असलेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्यांचा वाटा आहे, पण मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह यांसारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा आहे.

दोन ओपीडींच्या मधले अंतर

मग हे मोजमाप कुठे अडते? उपनगरातील कुठल्याही सार्वजनिक रुग्णालयाची रचना डोळ्यांसमोर आणा. मानसोपचाराची ओपीडी एका मजल्यावर, आमची मेडिसिनची दुसऱ्या. मानसोपचारतज्ज्ञ मोजके, रुग्ण शेकड्याने. वाट्याला आलेल्या पाच मिनिटांत तो झोप, भूक, भास, आत्महत्येचे विचार आणि गोळ्या घेतल्या की नाही हे विचारणार. त्यातही "भूक लागते" हे उत्तर सुधारणेची खूण म्हणून लिहिले जाते. दुसरीकडे मधुमेहाच्या ओपीडीत तो रुग्ण येतो तो साखर चढल्यावरच. मधल्या चार-पाच वर्षांत तो दोघांचाही असतो आणि कुणाचाच नसतो. अनेकदा रुग्ण स्वतः रांगेत उभाही राहत नाही. नोकरी सांभाळणारा भाऊ नाहीतर आई मागचाच कागद दाखवून महिन्याच्या गोळ्या घेऊन जाते. जो माणूस समोर नाही, त्याचे वजन होणार कसे?

दुसरी अडचण धोरणातली आहे आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब लवकर शोधण्याचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम तिशी ओलांडलेल्यांसाठी आहे. सर्वसाधारण लोकांसाठी ते योग्यच आहे. पण स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार बहुतेकदा सोळा ते तीस या वयात सुरू होतात, आणि वजन सर्वांत वेगाने वाढते ते औषध सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. म्हणजे ज्या वयात धोका सुरू होतो, त्या वयात हा रुग्ण तपासणीच्या जाळ्याबाहेर असतो.

तिसरी अडचण आपल्या मनातली. अशा रुग्णाची शारीरिक तक्रार गंभीरपणे घेतली जात नाही. तो "पाय दुखतात", "तहान लागते" म्हणाला की त्याच्या आजाराचाच भाग समजून सोडून दिले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागवले जाण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क नुसता दाखल होताना मिळून चालणार नाही, बीपी आणि साखर तपासतानाही मिळायला हवा.

गोळ्या थांबवू नका

इथवर वाचून कुणी घरातल्या रुग्णाच्या गोळ्या थांबवायच्या विचारात असेल, तर कृपया थांबा. ६५ चाचण्यांच्या एका मोठ्या विश्लेषणात, जे २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. फिनलंडमधील दीर्घकालीन नोंदींत तर औषध न घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले. आजार उलटलेला माणूस ना जेवण सांभाळू शकतो, ना बीपीची गोळी. शरीर वाचवायलाही मन स्थिर असावे लागते.

पण वजनाची चिंता क्षुल्लक समजू नका. लग्नाचे बघत असलेल्या मुली वाढत्या वजनामुळेच गोळ्या गुपचूप कचऱ्यात टाकतात, हे आम्ही वारंवार पाहतो. त्यांना दटावून उपयोग नाही. "गोळी तूच घेतेस, वजन आपण मिळून सांभाळू," असे सांगणारे डॉक्टर आणि घर त्यांना मिळायला हवे.

करता येण्यासारखे बरेच आहे. पहिला मार्ग औषध निवडतानाच विचार करण्याचा, किंवा नंतर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू हलक्या औषधाकडे वळण्याचा. सगळ्यांना ते जमत नाही, पण विचारायला हरकत नाही. दुसरा मार्ग मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही जुनी, काही रुपयांत मिळणारी गोळी महापालिकेच्या दवाखान्यांतही असते. २००८ मध्ये चीनमधील १२८ रुग्णांवरील चाचणीत मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायाम यांची जोडी वाढलेले वजन उतरवण्यात सर्वांत सरस ठरली. स्किझोफ्रेनियाच्या उपचाराबाबत २०२५ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर ओलांझापिन किंवा क्लोझापिन सुरू करतानाच मेटफॉर्मिन द्यावे, असे सुचवले आहे. मूत्रपिंडाची तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ती घ्यायची, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा मार्ग नव्या इंजेक्शनांचा. डेन्मार्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या १५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने साखर सुधारली आणि वजन सुमारे ९ किलोंनी जास्त घटले. आशा वाटावी असे हे निष्कर्ष आहेत. पण चाचणी लहान आणि काही महिन्यांचीच आहे, आणि इंजेक्शन थांबले की वजन परत येते हा सर्वसाधारण अनुभव आहे. किमती उतरल्या की पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न मात्र आताच विचारायला हवा. लग्नसराईपूर्वी चार किलो कमी करायचे आहेत त्यांचा, की उपचारानेच ज्यांचे वजन वाढवले त्यांचा?

घरी काय करता येईल?

- महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. कंबर पँटच्या पट्ट्यापाशी नको. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सोडल्यावर मोजा.
- तोंड कोरडे पडते त्यावर पाणी आणि बिनसाखरेचे ताक. थंड पेये आणि पाकिटातले रस घरात आणूच नका. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर होते. पहिली कात्री तिथे लावा.
- भूक औषधाची आहे, हावरटपणा नाही. टोमणे मारू नका. संध्याकाळी फरसाण, खारी, वडापाव यांच्याऐवजी भाजलेले चणे, काकडी, उसळ हाताशी ठेवा.
- "फिरायला जा" म्हणून तो जाणार नाही, कारण उमेद नसणे हा आजाराचाच भाग असतो. रोज संध्याकाळी भाजी आणायला कुणीतरी त्याला सोबत न्या.
- धूम्रपान सोडणे उत्तमच, पण विडी-सिगारेट थांबली की रक्तातील क्लोझापिन आणि ओलांझापिनचे प्रमाण वाढते. म्हणून सोडताना डॉक्टरांना आधी सांगा.
- खूप तहान, वारंवार लघवी, झपाट्याने उतरणारे वजन, उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ते मनाचे आहे, असे समजून थांबू नका.
- कुठल्याही डॉक्टरकडे जाताना दोन्ही फाइली दाखवा. मनाच्या आजाराबद्दल फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आता व्यवस्थेने काय करावे? त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. मानसोपचार ओपीडीच्या दाराशी एक वजनकाटा, एक टेप आणि बीपीचे यंत्र ठेवावे. केसपेपरवर एक रबरी शिक्का मारावा, त्यात वजन, कंबर, बीपी आणि साखर अशा चार रिकाम्या जागा असाव्यात. त्या सिस्टरने भराव्यात आणि त्या भरल्याशिवाय पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहिल्या जाऊ नयेत. रुग्णाऐवजी नातेवाईक येत असेल, तर तीन महिन्यांतून एकदा रुग्णाला आणायला सांगावे आणि त्या दिवशी त्याला रांगेत तिष्ठत ठेवू नये. अँटिसायकोटिक घेणाऱ्यांसाठी मधुमेह तपासणीची तिशीची अट काढून टाकावी. आणि आम्ही फिजिशियनांनी तरुण मधुमेहीला तो एक प्रश्न न चुकता विचारावा, आवाज खाली न आणता.

तो मुलगा चार महिन्यांनी पुन्हा आला. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून त्याचे औषध हळूहळू बदलले जात आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. साखर आटोक्यात आली आहे, वजन ८१ आहे. अजून बरेच उतरायला हवे. मधल्या काळात दोन रात्री त्याला झोप लागली नाही, तेव्हा आई घाबरली आणि लगेच डॉक्टरांकडे धावली. तिने ते बरोबर केले. आता त्याचे वजन ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर पहिल्या तारखेच्या चौकोनात लिहिते, आणि येताना दोन्ही फाइली एकाच पिशवीत, वरच ठेवून आणते. तुमच्या घरात अशी वेगळी ठेवलेली फाइल असेल, तर पुढच्या भेटीला तीही वर काढा आणि डॉक्टरांना विचारा, "वजन कधी घेतलं होतं?"